बार्तोलोमे दे लास कासास

स्पॅनिश वसाहतवादाच्या अभ्यासात ‘एन्कोमिएन्दा’ ही संज्ञा टाळता येत नाही. तिचा मूळ अर्थ सोपवणूक. धर्मशिक्षण व संरक्षण देण्याच्या अटीवर अमेरिकेतील मूळ रहिवासी स्पॅनिश वसाहतकारांकडे सोपवले जात. प्रत्यक्षात खाणींत आणि शेतांवर त्यांना मरेस्तोवर राबवले जाई. सेव्हिल येथे जन्मलेले लास कासास १५०२ मध्ये हिस्पान्योला बेटावर आले. धर्मगुरू झाल्यानंतरही क्यूबात त्यांच्याकडे अशी माणसे सोपवलेली होती, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. १५१४ मध्ये त्यांनी तो हक्क सोडला आणि पुढील आयुष्य या प्रथेविरुद्ध झगडण्यात घालवले. १५४२ च्या ‘नव्या कायद्यां’मागे त्यांचा मोठा वाटा होता, परंतु पेरूतील वसाहतकारांनी बंड केले आणि एन्कोमिएन्दाचा वारसाहक्क बंद करणारे कलम १५४५ मध्ये मागे घेतले गेले. मूळ रहिवाशांऐवजी आफ्रिकी गुलाम आणावेत, असेही त्यांनी एकेकाळी सुचवले होते. त्याचा त्यांना उत्तरायुष्यात तीव्र पश्चात्ताप झाला. ‘जिंकून घेणे’ या अर्थाच्या ‘कोंकिस्ता’ या शब्दालाच त्यांचा आक्षेप होता. १५६६ मध्ये माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. १५७३ च्या राजाज्ञेने तो शब्द वगळून ‘शांतता-प्रस्थापना’ हा शब्द रूढ केला. मोहिमा मात्र त्यानंतरही चालू राहिल्या.