जॉन हंटर आणि पक्ष्यांची पोकळ हाडे

देवीची लस शोधणारे जेन्नर आपल्याला पुस्तकातून माहीत आहेत. आज मी त्यांच्या गुरुजींची, म्हणजे जॉन हंटर यांची माहिती सांगणार आहे.

जॉन हंटर यांचा जन्म १७२८ साली स्कॉटलंडमधील एका शेतकरी घरात झाला. दहा भावंडांत ते शेंडेफळ. शाळेत त्यांचे मुळीच लक्ष लागत नसे. रानात हिंडावे, पक्षी आणि किडेमुंग्या बघाव्यात, हाच त्यांचा नाद. तेरा वर्षांचे असताना वडील वारले. शिक्षण अर्धवटच राहिले.

१७४८ साली ते लंडनला थोरल्या भावाकडे गेले. भाऊ शरीररचना शिकवत असे. तिथे जॉनच्या हातातली कला सर्वांना दिसली. पुढे ते नामांकित शस्त्रवैद्य झाले.

पक्ष्यांची काही हाडे आतून पोकळ असतात. तिथे हवा येते कुठून, हा प्रश्न हंटर यांना पडला. त्यांनी एका कोंबडीच्या पंखाचे, दंडातले हाड कापून उघडे केले आणि श्वासनलिका दोऱ्याने बांधली. तरी हाडातून हवा आत-बाहेर होत राहिली! म्हणजे ते हाड फुप्फुसाशी जोडलेले होते. ही माहिती त्यांनी १७७४ साली छापली. त्या कोंबडीचे किती हाल झाले असतील, असे मला वाटते. आज प्राण्यांवरच्या प्रयोगांना कायद्याचे नियम आहेत, हे बरेच झाले.

डोक्याच्या हाडांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथली हवा नाकाच्या आणि कानाच्या पोकळीतून येते. चिमणीचे पिल्लू घरट्यातून उडते तेव्हा त्याच्या कवटीचा माथा एकपदरी असतो. मग आतल्या पातळ त्वचेच्या पिशव्या हाडात शिरतात, हाड आतून झिजते आणि जागा होते. शेवटी दोन पातळ पदर उरतात. मध्ये हवा आणि आधाराला हाडाचे बारीक बारीक खांब! त्यामुळे कवटी हलकी, तरी मजबूत राहते. या कामाला चिमणीला साधारण सहा-सात महिने लागतात. पक्षिशास्त्रज्ञ डोक्यावरची पिसे ओली करून बाजूला सारतात आणि कातडीतून कवटी बघतात. एकपदरी भाग गुलाबी दिसतो, हवा भरलेला भाग पांढुरका आणि ठिपक्याठिपक्यांचा. त्यावरून पक्षी नवा की जुना ते कळते.

हंटर यांनी जवळजवळ चौदा हजार नमुने जमवले होते. १७९३ साली ते वारले. १९४१ साली बाँब पडून त्यातले पुष्कळ नमुने नष्ट झाले. उरलेले आजही लंडनच्या संग्रहालयात आहेत.

मित्रांनो, घरी कोंबडी शिजली तर दंडाचे हाड मोडून बघा, आत पोकळी दिसेल. आणि पालकहो, तुमचं पोर पुस्तक सोडून घरट्याकडे बघत बसलं, तर लगेच त्याला 'ढ' म्हणू नका. आधी विचारा, बाळा, तुला काय दिसलं?