पहिल्या पायरीचे मानकरी : श्रीगुरु हैबतबाबा

आळंदीस माउलींच्या महाद्वारी गेलो म्हणजे आत पाऊल टाकण्याआधी आपण पायरीवर मस्तक ठेवतो. ही पायरी श्रीगुरु हैबतबाबांची. पुष्कळजण घाईने हात लावून पुढे सरकतात. पण पंढरीच्या वाटेवरील आपल्या चालीला ज्यांनी वळण लावले, त्यांचे चरित्र वारकऱ्याला ठाऊक असावयास हवे.

बाबा मूळचे सातारा जिल्ह्यातील आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी ते सरदार होते. मान होता, पैसा होता, कशाची वाण नव्हती. एकदा जवळचे धन घेऊन ते गावाकडे निघाले असता सातपुड्याच्या डोंगरात भिल्लांनी त्यांना गाठले. सारे लुटून नेले आणि बाबांना सोबत्यांसह गुहेत कोंडून तोंडावर शिळा लोटली. संप्रदायात सांगतात, की 21 दिवस बाबांनी हरिपाठ सोडला नाही. शेवटी त्या भिल्ल नायकाला पुत्र झाला. त्या आनंदात त्याने शिळा दूर केली, तो आत बाबांच्या मुखी नाम चाललेले! त्याने हात जोडले आणि बाबांना सोडून दिले.

आता खरा प्रश्न पुढेच होता. जीव वाचला, पण वाचलेल्या जिवाचे करायचे काय? घरी जाऊन सुखाने बसता आले असते. बाबा आरफळला गेलेच नाहीत. ते तडक आळंदीस आले आणि माउलींच्या सेवेत राहिले.

त्या काळी वारीची स्थिती काय होती? तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत घेऊन सोहळा सुरू केला होता. पुढे मानपानावरून त्यात कलह शिरला. बाबांनी कोणाशी तंटा मांडला नाही. सन 1832 च्या सुमारास त्यांनी माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्र काढली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची सेवा पत्करली. आजही अंकलीहून अश्व पायी चालत आळंदीस येतात.

बाबा फौजेत वावरलेले. हजारो माणसे एका वाटेने कशी न्यावीत, तळ कसा पडावा, कूच केव्हा व्हावे, हे त्यांना पक्के ठाऊक. ती विद्या त्यांनी देवाच्या कामी लावली. फौजेची शिस्त घेतली, हत्यार तेवढे टाकले. हाती टाळ-वीणा दिली. दिंड्यांचे क्रम लागले, कोणत्या वेळी कोणते भजन हे ठरले. आज रथापुढे 27 दिंड्या आपापल्या जागी चालतात, कोणी कोणाला रेटत नाही, ही त्यांचीच पुण्याई.

समाजआरती आठवून पाहा. मुक्कामी पालखी मध्ये, भोवती दिंड्या उभ्या. चोपदाराने दंड उंच केला की एवढा मोठा समाज एकदम गप्प होतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते. तिचे ऐकून घेतात, निवाडा होतो, हरवले-सापडले सांगतात, उद्याची निघण्याची वेळ पुकारतात, मग आरती. एवढ्या गर्दीत एका दिंडीचे दुखणे ऐकायला सगळे थांबतात! पुढारीपण म्हणतात ते हेच बरे. पुढाऱ्याने आधी मागच्याचे ऐकावे.

आणि एवढे सगळे उभे करून बाबांनी स्वतःसाठी काय मागितले? गादी नाही, मठ नाही. पालखीत पादुका माउलींच्या, नाव माउलींचे. बाबांची जागा पायरीशी.

आपल्यापैकी कोणी दिंडीचा वीणेकरी असेल, कोणी गावच्या सप्ताहाची पंगत सांभाळत असेल, कोणी नुसते पाणी वाढत असेल. काम लहान म्हणून मन खट्टू करू नये. कार्तिक वद्य अष्टमीस माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्याचा आरंभ होतो, तो या पायरीच्या पूजनाने. सर्वांच्या पायाखाली जो राहिला, त्याची पूजा सर्वांच्या आधी!