मराठी घरातला बंगाली संपादक

परमुलखात जाऊन राहिलेल्या माणसाने तिथली भाषा शिकावी की नाही, हा वाद आपल्या सीमाभागात चावडीपासून कचेरीपर्यंत सदैव चालतो. या वादात आम्हाला सखाराम गणेश देऊस्कर यांचे चरित्र उपयोगाचे वाटते.

देऊस्करांचे पूर्वज अठराव्या शतकात, मराठ्यांच्या विस्ताराच्या काळात, महाराष्ट्रातून देवघरजवळच्या करौं गावी जाऊन स्थायिक झाले. तो मुलूख तेव्हा बंगाल प्रांतात होता, आज झारखंडात आहे. सखारामपंतांचा जन्म तिथलाच, 1869 सालचा. आई लहानपणीच गेली. आत्याने वाढवले आणि मराठी ग्रंथांची गोडी तिनेच लावली. घरात मराठी टिकली ती अशी, बाईमाणसाच्या जिव्हाळ्याने.

बंगाली त्यांनी बाहेर कमावली. 1891 मध्ये देवघरच्या शाळेतून ते एंट्रन्स परीक्षा उतरले व पुढे त्याच शाळेत शिक्षक झाले. तिथे राजनारायण बसू यांचा सहवास लाभला. इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या जुलुमाविरुद्ध त्यांनी कलकत्त्याच्या ‘हितवादी’ पत्रात लिहिले, तेव्हा धमक्या आल्या. नोकरी सोडून ते कलकत्त्यास गेले. ‘हितवादी’त मुद्रितशोधक म्हणून लागले आणि त्याच पत्राचे संपादक झाले. ज्यांची मातृभाषा बंगाली, त्यांच्या लेखनावर हा मराठी माणूस हात फिरवू लागला!

1904 साली त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ निघाला. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त, विल्यम डिग्बी यांनी जमवलेले आकडे त्यांनी सामान्य बंगाली वाचकाला समजेल अशा भाषेत मांडले. कारागीर का बुडाला, देशाचा पैसा कुठे जातो, हे घरोघर कळले. स्वदेशी चळवळीत ग्रंथ हातोहात खपला. 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्याचा हिंदी अनुवाद बाबूराव विष्णू पराडकरांनी केला. तेही बंगाल-काशीकडे वाढलेले मराठीच.

बंगाली झाल्याने सखारामपंतांचे मराठीपण सुटले काय? मुळीच नाही. कलकत्त्यातील शिवाजी उत्सवामागे त्यांची खटपट होती. त्यांच्या शिवाजीविषयक पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी कविता दिली. 1907 च्या सुरत काँग्रेसनंतर टिळकांविरुद्ध लिहा, असे मालकांनी सांगताच त्यांनी संपादकपद सोडले. 1912 साली करौं येथेच त्यांचे निधन झाले.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली, जिथे पोट भरतो तिथली भाषा शिकावी. तो शेजारधर्म आहे आणि त्यात आपलाच फायदा आहे. दुसरी, देऊस्करांना बंगाली शिकण्याची सक्ती कोणी केली नव्हती, की मराठी सोडा असे बजावले नव्हते. म्हणून ती भाषा त्यांची झाली.

आपली गोष्ट तर आणखी वेगळी. आपण कुठून आलो नाही. 1956 साली हद्द आपल्या अंगणातून गेली. आपल्या पोरांनी कानडी जरूर शिकावी, चांगली शिकावी. पण रेशनकार्ड, सातबारा वा शाळाप्रवेश यांची ती किंमत ठरू नये. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय असावी, असे राज्यघटनेचे कलम 350-अ सांगते. शेजाऱ्याची भाषा शिकताना हे कलमही पाठ असू द्यावे.