मुलांच्या हाती लेखणी देणारे डॉ. यानुश कोर्चाक

मूल बोलू लागले की घरात केवढा आनंद होतो! पहिला शब्द कोणता उच्चारला, तो आधी कोणी ऐकला, याच्या गोष्टी आपण वर्षानुवर्षे सांगत असतो. पण तेच मूल सात-आठ वर्षांचे झाले आणि मनातले भडाभडा बोलू लागले, की आपणच त्याला गप्प बसवतो. मोठ्यांच्या मध्ये बोलायचे नाही हा धडा बहुतेक घरांत पाढ्यांच्याही आधी पाठ होतो. शाळेत निबंध लिहायचा तोसुद्धा फळ्यावर दिलेल्या मुद्द्यांबरहुकूम. मुलाला स्वतःला काय वाटते हे विचारायला ना घरी सवड, ना शाळेत. हे विचारणे हेच ज्यांनी आपले जीवितकार्य मानले आणि अखेर ज्या मुलांना विचारले त्यांच्याच सोबतीने मृत्यूला सामोरे गेले, अशा एका थोर पुरुषाची ओळख मंडळाच्या भगिनींना करून द्यावी, म्हणून हा लेख.

पोलंड देशाची राजधानी वॉर्सा. त्या काळी ते शहर रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. तेथे एका सुखवस्तू ज्यू वकिलाच्या घरी २२ जुलै रोजी हेन्रिक गोल्डश्मिट याचा जन्म झाला. साल १८७८ की १८७९ हे त्याला स्वतःलाही कधी नक्की कळले नाही, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केलीच नव्हती. घरात दाई होती, चांगलेचुंगले कपडे होते, पण अंगणातल्या गरिबांच्या पोरांशी खेळायची मात्र मनाई होती. पाच वर्षांचा असताना त्याचा लाडका कॅनरी पक्षी मेला. त्याला पुरून वर क्रूस लावावा असे पोराच्या मनात आले, तेव्हा रखवालदाराच्या मुलाने त्याला बजावले की हा पक्षी ज्यूचा आहे, त्याला क्रूस लावता येणार नाही. आपण कोणी वेगळे आहोत हे त्या बालजिवाला तेव्हा प्रथम कळले. ही आठवण त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या दिवसांतही लिहून ठेवली आहे.

हेन्रिक अकरा-बारा वर्षांचा झाला आणि घराचे दिवस फिरले. वडिलांना वेड लागले. वर्षानुवर्षे इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या, त्यात पैसा संपला आणि १८९६ साली वडील वारले. आई आणि बहीण यांच्या पोटापाण्यासाठी हा शाळकरी मुलगा श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या करू लागला. लहान मुलाचे दुःख लहान नसते हे त्यांना कोणा ग्रंथातून शिकावे लागले नाही.

१८९८ साली त्यांनी वैद्यकीच्या शिक्षणाला आरंभ केला. त्याच साली एका नाट्यलेखन स्पर्धेसाठी त्यांनी एका पोलिश कादंबरीतल्या नायकाचे नाव थोड्या फरकाने घेतले. तेव्हापासून जग त्यांना यानुश कोर्चाक म्हणूनच ओळखते. १९०५ मध्ये ते डॉक्टर झाले आणि वॉर्साच्या मुलांच्या इस्पितळात काम करू लागले. त्यांचा चांगला नावलौकिक झाला. सुट्टीत गरीब वस्तीतल्या मुलांना खेड्यावर हवापालटासाठी नेत, तेथेही ते जात. त्या मुलांच्या सहवासात त्यांना दिसून आले की खोकल्याला औषध देता येते, ताप उतरवता येतो, पण ज्याचे ऐकणारे कोणी नाही त्या मुलाच्या दुखण्यावर दवाखान्यात उपाय नाही. १९१२ मध्ये क्रोख्माल्ना रस्त्यावर ज्यू मुलांचा नवा अनाथाश्रम उघडला तेव्हा इस्पितळातली नोकरी सोडून ते त्याचे संचालक झाले. त्यांनी लग्न केले नाही. आश्रमातली शंभरावर मुले हाच त्यांचा संसार.

या संसाराचा निम्मा भार, किंबहुना निम्म्याहून अधिक, एका स्त्रीने वाहिला हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. स्टेफानिया विल्चिन्स्का त्यांचे नाव. बेल्जममध्ये उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या बाईंनी तीस वर्षे आश्रमाची आई होऊन सारे सांभाळले. पहिल्या महायुद्धात कोर्चाक रशियन सैन्याबरोबर डॉक्टर म्हणून गेले, तेव्हा पडत्या काळात आश्रम चालवला तो स्टेफानियाबाईंनी. आघाडीवरच्या त्या धामधुमीत कोर्चाकांनी मुलांवर प्रेम कसे करावे या विषयावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. पण तो लिहिण्याची निश्चिंती त्यांना मिळाली ती घरी बाई होत्या म्हणून.

या आश्रमाची व्यवस्था पाहण्यासारखी होती. मुलांच्या हाताला पोहोचेल अशा उंचीवर एक फळा लावलेला असे. त्यावर सूचना लागत, हरवले-सापडलेच्या चिठ्ठ्या लागत, बातम्या लागत. ज्याला वाचता येत नसे तो त्या फळ्यापायीच अक्षरे शिकण्याची घाई करी. दुसरी सोय पत्रपेटीची. ज्याला काही विचारायचे, मागायचे वा कुरकुर करायची असेल, त्याने ते लिहून पेटीत टाकायचे. येता-जाता डॉक्टरांचा कोट ओढून विचारले तर उत्तरही तसेच घाईचे मिळते. लिहायला बसले म्हणजे आपल्याला नेमके काय हवे आहे याचा मुलाला विचार करावा लागतो, आणि उत्तराची वाट पाहायलाही ते शिकते. तिसरी गोष्ट मुलांच्या न्यायालयाची. न्यायाधीश मुलेच असत आणि त्या कायद्यातली बहुतेक कलमे क्षमेची होती. डॉक्टरांवरही मुलांनी खटले भरले आणि डॉक्टर मुकाट्याने त्या न्यायालयापुढे उभे राहिले.

आणि चौथी गोष्ट, आश्रमाचे साप्ताहिक. दर शनिवारी सगळ्यांना जमवून ते वाचून दाखवत. आठवड्यात कोण आजारी पडले, कोणाचे भांडण मिटले, कोणते नवे मूल आले, स्वयंपाकघरात काय घडले, सारे त्यात येई. ज्या संस्थेत वृत्तपत्र नाही ती संस्था त्यांना अपुरी वाटे. साप्ताहिकामुळे एक आठवडा दुसऱ्याला जोडला जातो, मुले, शिक्षक आणि नोकरमंडळी एका कुटुंबात गुंफली जातात, आणि चुकीची गोष्ट चव्हाट्यावर येऊन सुधारते, असा त्यांचा अनुभव होता.

हाच अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून १९२१ साली त्यांनी शाळेतल्या वृत्तपत्राविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले. शाळेत मुलांनी आपले वृत्तपत्र चालवले तर त्यांच्या अंगी काय बाणते, याचा विचार त्यांनी नीट केला होता. आपणहून घेतलेले काम वेळच्या वेळी पुरे करणे, भिन्न स्वभावाच्या सोबत्यांशी जुळवून घेणे, आपले मत धीटपणे मांडणे, आणि पाठीमागे कुजबुजण्याऐवजी समोरासमोर सभ्यपणे वाद करणे, हे गुण त्यांना त्यात दिसले. सुंदर लेख लिहिणारे दोन-चार हुशार विद्यार्थी तयार करावेत एवढाच त्यांचा हेतू नव्हता. वर्गात कधीही न बोलणाऱ्या मुलाला बोलते करावे, ही त्यांची तळमळ होती.

पुढे १९२२-२३ च्या सुमारास त्यांची राजा मात्यूश ही मुलांसाठी लिहिलेली कादंबरी निघाली. वडील वारल्यामुळे लहानपणीच गादीवर आलेला हा राजा आपल्या राज्यात मुलांची लोकसभा आणि मुलांचे वृत्तपत्र सुरू करतो. पुस्तकातले हे स्वप्न थोड्याच वर्षांत निम्मे तरी खरे ठरले. वॉर्सात पोलिश भाषेत निघणारे ज्यू समाजाचे एक दैनिक होते. त्याची शुक्रवारची पुरवणी म्हणून ९ ऑक्टोबर १९२६ रोजी 'मावी प्शेग्लॉन्द' म्हणजे 'छोटे समालोचन' हे मुलांनी लिहिलेले, मुलांचे वृत्तपत्र सुरू झाले. त्यासाठी काढलेले निवेदन मोठे गमतीचे होते. या पत्राला तीन संपादक राहतील: गोंधळ माजू नये म्हणून एक म्हातारा, टकल्या, चष्मेवाला, मुलांच्या वतीने एक मुलगा आणि मुलींच्या वतीने एक मुलगी. कोणी लाजायचे कारण नाही, शुद्धलेखन वा अक्षर वाईट असले तरी चालेल, आणि ज्याला लिहिताच येत नाही त्याने कचेरीत येऊन तोंडी सांगावे, तेथे लिहून घेतले जाईल.

मग पत्रांचा नुसता पाऊस पडला. वॉर्सातून आली, दूरदूरच्या गावांतून आली. कोणी धाकट्या भावाची तक्रार करी, कोणी नव्या कुत्र्याचे वर्णन लिही. शिक्षकांनी केलेला अन्याय, घरातले दारिद्र्य, एकटेपणा, आणि ज्यू म्हणून रस्त्यावर पोरांनी चिडवल्याचा सल, हेही त्यात येई. मोठ्यांना क्षुल्लक वाटणारी बातमी तेथे बातमीच मानली जाई. पुढे १९३० मध्ये कोर्चाकांनी आपले सहकारी इगोर नेवेर्ली यांच्या हाती संपादनाची सूत्रे दिली. हे पत्र तेरा वर्षे चालले. त्याचा शेवटचा अंक निघाला तो १ सप्टेंबर १९३९ रोजी, ज्या दिवशी हिटलरचे सैन्य पोलंडमध्ये घुसले त्याच दिवशी.

आपल्याकडे याच सुमारास, १९२४ ते १९३० या वर्षांत, खानदेशात अमळनेरला साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी रात्री जागून हस्तलिखित दैनिक काढीत होते, हे मराठी वाचकाला सहज आठवेल. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही, पण तळमळ एकाच जातीची!

युद्ध सुरू झाले आणि पोलंडमधल्या ज्यूंवर आकाश कोसळले. स्टेफानियाबाई १९३८ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या एका शेतकरी वसाहतीत राहायला गेल्या होत्या. तेथे त्या सुखरूप राहिल्या असत्या. पण युद्धाची चिन्हे दिसू लागताच १९३९ मध्ये त्या आपल्या मुलांपाशी परत आल्या. नोव्हेंबर १९४० मध्ये साऱ्या ज्यूंना उंच भिंतीआड कोंडण्यात आले. आश्रमालाही आपली वास्तू सोडावी लागली. त्या स्थलांतरात मुलांसाठी आणलेले बटाटे जर्मनांनी हिसकावून घेतले. कोर्चाक ते परत मागायला गेले, तर त्यांनाच तुरुंगात टाकले. सुटून आल्यावर हा साठी उलटलेला, आजारी माणूस पाठीवर पोते टाकून दोनशे मुलांसाठी दारोदार धान्य मागत हिंडला.

तशा दिवसांतही लेखणी खाली पडली नाही. रस्त्यावर माणसे भुकेने मरून पडत होती आणि आश्रमात मुले आपापल्या रोजनिशा लिहीत होती. डॉक्टरही रात्री मुले झोपली की आपली रोजनिशी लिहीत.

१८ जुलै १९४२ रोजी आश्रमातल्या मुलांनी एक नाटक केले. ते होते आपल्या रवींद्रनाथांचे 'डाकघर'. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि शेवटी शांतपणे डोळे मिटतो, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. भिंतीआड कोंडलेल्या त्या मुलांना खिडकीबाहेरचे जग पाहणारा बंगालमधला हा मुलगा अगदी आपल्यातलाच वाटला असेल. मुलांना मृत्यू शांतपणे स्वीकारता यावा म्हणून डॉक्टरांनी हे नाटक निवडले, असे सांगतात. चारच दिवसांनी, २२ जुलैला, वॉर्सातल्या ज्यूंना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पाठवायला सुरुवात झाली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आश्रमाची पाळी आली. डॉक्टरांना वाचवण्यासाठी त्यांच्या मित्रांनी यापूर्वी अनेकदा खटपट केली होती. प्रत्येक वेळी त्यांनी नकार दिला. सुमारे दोनशे मुले ओळीने, हातात हात घालून, शहरातून आगगाडीपर्यंत चालत गेली. त्यांच्याबरोबर डॉक्टर होते, स्टेफानियाबाई होत्या आणि आश्रमातले इतर सेवक होते. त्यांपैकी कोणीही परत आले नाही.

डॉक्टरांची रोजनिशी मात्र वाचली. ती नेवेर्ली यांच्या हाती पोहोचवण्यात आली, युद्ध संपेपर्यंत एका इमारतीत भिंतीत चिणून ठेवण्यात आली आणि १९५८ मध्ये छापून निघाली. त्रेब्लिंकाच्या स्मारकात हजारो दगड उभे आहेत. त्यांत एकाच दगडावर एका व्यक्तीचे नाव कोरले आहे, ते यानुश कोर्चाक आणि त्यांची मुले यांचे. मुलाला स्वतःचे मत असते आणि ते मांडण्याचा त्याला हक्क आहे, हे ते जन्मभर सांगत राहिले. १९७८ मध्ये पोलंडनेच मुलांच्या हक्कांचा करार जगापुढे मांडला. तो संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये मान्य केला आणि १९९२ मध्ये भारतानेही स्वीकारला. त्यात मुलाच्या मताला स्थान मिळाले आहे.

भगिनींनो, एवढ्या मोठ्या माणसाचे चरित्र वाचून आपण काय करावे? अनाथाश्रम काढणे प्रत्येकीला जमणार नाही. पण आपल्या घरातल्या, शेजारच्या मुलांना एक कोरी वही देणे कोणालाही जमेल. सुट्टीत दहा-बारा मुले एकत्र जमवून त्यांचे हस्तलिखित काढायला काही फार खर्च येत नाही. विषय आपण देऊ नये. आजीच्या दुखण्यावर, हरवलेल्या चेंडूवर, बाबांच्या रागावर, जे लिहायचे ते त्यांनी लिहावे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका नंतर सावकाश सुधारता येतील. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी आपण लेखनिक व्हावे. आणि लिहून झाल्यावर ते मन लावून ऐकावे, हसू नये, उपदेशही करू नये. ज्या मुलाचे एकदा कोणी नीट ऐकून घेतले, ते मूल दुसऱ्याचे ऐकायलाही शिकते. वॉर्साच्या त्या चष्मेवाल्या म्हाताऱ्या संपादकाला याहून चांगली श्रद्धांजली दुसरी कोणती असणार?