नोकरांनी महागड्या बश्यांचे टवके उडवले आणि जगाला डिशवॉशर मिळाला

डिशवॉशरचं दार उघडलं की कुबट वास येतो. दाराच्या रबरावरून बोट फिरवलं तर काळपट, बुळबुळीत थर हाताला लागतो. पुसून काढावा, तर थोड्याच दिवसांत पुन्हा हजर.

ज्या मशीनमध्ये रोज साबण आणि गरम पाणी फिरतं, त्यालाच बुरशी कशी लागते? उत्तरासाठी थेट १९व्या शतकातल्या अमेरिकेत जावं लागतं, जोसेफिन कॉकरन यांच्या घरी.

जोसेफिनबाईंचा जन्म १८३९ चा, ओहायो राज्यातला. वडील सिव्हिल इंजिनिअर होते, पण बाईंनी स्वतः इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. १९व्या वर्षी विल्यम कॉकरन या व्यापाऱ्याशी लग्न झालं आणि इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिल गावात संसार सुरू झाला. मोठं घर, सतत पाहुण्यांची ऊठबस आणि पिढीजात चिनी मातीची उंची भांडी. ती घासताना नोकर टवके उडवायचे. वैतागून बाईंनी भांडी स्वतःच घासायला घेतली आणि लवकरच त्यालाही कंटाळल्या. हे काम मशीनने करावं, असं त्यांच्या डोक्यात आलं.

इथपर्यंत हा श्रीमंत घरातल्या बाईचा हट्ट वाटू शकतो. पण १८८३ मध्ये विल्यम गेले. मागे राहिली थोडी रोकड आणि त्याहून जास्त कर्ज. आता हे मशीन पोटापाण्याचा प्रश्न झालं.

घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये जॉर्ज बटर्स या मेकॅनिकला सोबत घेऊन काम सुरू झालं. बाईंनी ताटल्या, कप, बश्या मोजल्या आणि त्या मापाच्या तारेच्या जाळ्या बनवल्या. जाळ्या बसवल्या एका आडव्या चाकावर, आणि चाक तांब्याच्या बॉयलरमध्ये. चाक फिरायचं आणि भांड्यांवर साबणाच्या गरम पाण्याचा जोरदार मारा व्हायचा. भांडी धुण्याची यंत्रं आधीही निघाली होती. १८५० चं एक लाकडी मशीन तर हाताने फिरवायचं आणि नुसतं पाणी शिंपडायचं. त्यात भांडी काय निघणार!

२८ डिसेंबर १८८६ ला जोसेफिनबाईंना पेटंट मिळालं.

विकायला त्या स्वतःच शिकागोच्या मोठ्या हॉटेलांत गेल्या. बाईमाणसाने हॉटेलच्या लॉबीतून एकटीने जाणं तेव्हा शोभत नसे. तरीही शर्मन हाऊस हॉटेलमधून त्या ८०० डॉलरची ऑर्डर घेऊनच बाहेर पडल्या. पैसे गुंतवायला तयार असलेल्यांना मात्र कंपनी पुरुषाच्या हातात हवी होती. बाईंनी ते ऐकलं नाही. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यांच्या मशीनला बक्षीस मिळालं आणि हॉटेलं, हॉस्पिटलं गिऱ्हाईक झाली.

घरांत मात्र ते चाललं नाही. महाग तर होतंच, पण खरी अडचण पाण्याची होती. एवढं कढत पाणी देणारी सोय बहुतेक घरांत नव्हती. १९१३ मध्ये शिकागोत बाई वारल्या, तेव्हाही हे मशीन हॉटेलांपुरतंच राहिलं होतं. १९२६ मध्ये त्यांची कंपनी होबार्टने घेतली आणि १९४९ मध्ये किचनएडच्या नावाने घरगुती डिशवॉशर बाजारात आला.

आता त्या बुळबुळीत थराकडे. वीज वाचवणारी इको सायकल साधारण ५० अंशांवर चालते. तेवढ्यावर चरबी पूर्ण सुटत नाही. ती फिल्टरमध्ये, रबराच्या घडीत आणि दाराच्या खालच्या कडेला साचते, जिथे फवारा पोहोचतच नाही. त्यात बंद दारामागची ओल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्लोव्हेनियातल्या संशोधकांच्या अभ्यासात १८९ घरगुती डिशवॉशरची रबरं तपासली, तर ६२ टक्क्यांमध्ये बुरशी निघाली. त्यातली काळी यीस्ट तर गरम पाण्याला आणि डिटर्जंटला दाद देत नाही.

म्हणून नुसतं क्लीनर ओतून भागत नाही, थर घासूनच काढावा लागतो. फिल्टर काढून साबणाने घासायचा. रबराची घडी उघडून जुन्या टूथब्रशने साफ करायची. दाराची खालची कड विसरायची नाही, बरेचदा मूळ तिथेच असतं. फवाऱ्याच्या पात्याची भोकंही बघायची. मग रिकामं मशीन सगळ्यात गरम सायकलवर फिरवायचं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच वापरू नका, विषारी वायू तयार होतो. आणि भांडी काढल्यावर दार थोडा वेळ किलकिलं ठेवा, आत ओल राहत नाही.