हिंगोलीच्या लायगोआधीची गोष्ट : खडू-फळ्यावर गुरुत्वाकर्षण शिकवणारे विष्णु वासुदेव नारळीकर

अकोला : अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी गाडी वाशीम सोडून हिंगोलीला थांबते. याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया या वेधशाळेला 2023 मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत लेझरचा किरण. दूर अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की गुरुत्वाकर्षणाच्या लहरी उठतात, त्या इथं टिपायच्या. पण या विषयाचं बी देशात पेरणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. जयंत नारळीकर सगळ्यांना माहीत आहेत. हे त्यांचे वडील.

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म 26 सप्टेंबर 1908 चा, कोल्हापूरचा. मुंबईत बी.एस्सी. करून ते केंब्रिजला गेले आणि रँग्लर झाले. तिथंच नाव काढता आलं असतं. पण पंडित मदनमोहन मालवीयांनी बोलावलं आणि 1932 मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख म्हणून रुजू झाले. वयाची पंचविशीही झाली नव्हती.

आइन्स्टाईनचा सिद्धांत शिकवणारे तेव्हा देशात बोटावर मोजण्याइतके. यंत्र नाही, संगणक नाही. खडू, फळा अन् डोकं, एवढंच भांडवल.

1942 मध्ये गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य नोकरीविना, साठवलेल्या पैशावर, बायको अन् तान्ही लेक घेऊन त्यांच्याकडे शिकायला आले. ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचं गणित जर्मनीच्या श्वार्झशिल्ड यांनी 1916 मध्येच मांडलं होतं, पण त्यात ताऱ्याचा उजेड धरला नव्हता. खरा तारा तर सतत उजेड बाहेर टाकतो, त्यासोबत त्याचं वस्तुमानही कमी होत जातं. नारळीकरांच्या हाताखाली वैद्यांनी हे कोडं सोडवलं. 1943 मध्ये शोधनिबंध छापला, तो एकट्या वैद्यांच्या नावानं. गुरूनं आपलं नाव जोडलं नाही. कृष्णविवरांच्या अभ्यासात हे गणित आजही वापरतात.

पुढं नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, नंतर पुणे विद्यापीठात प्राध्यापक. 1991 मध्ये ते गेले. अमेरिकेतल्या लायगोनं पहिली लहर टिपली ती 14 सप्टेंबर 2015 ला. ते पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

आता तसंच यंत्र वऱ्हाडाच्या शेजारी येतंय. त्यामागचं गणित मात्र गावच्या शाळेतल्या फळ्यावरूनच सुरू होतं.