डॉ. प्रफुल्लकुमार सेन : हृदयरोपणाचे भारतीय अग्रदूत

मुंबईच्या परळ भागात १९२६ साली सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा, या अटीवर देणगीदारांनी द्रव्य दिले होते. भारतीय वैद्यक स्वतःच्या पायावर उभे राहू शकते, ही त्यामागील श्रद्धा. ती ज्यांनी पुढे सार्थ ठरविली, त्यांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

१९१५ साली बंगाली कुटुंबात जन्मलेल्या सेन यांची कर्मभूमी मुंबईच ठरली. याच महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि पुढे तेथेच अध्यापन केले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात गेले. परतल्यावर त्यांनी हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारला. उपकरणे अपुरी आणि परकीय चलन दुर्मीळ, असा तो काळ होता. शस्त्रक्रियागृहाइतकेच महत्त्व त्यांनी प्रयोगशाळेला दिले. नवी शस्त्रक्रिया प्रथम प्राण्यांवर अभ्यासावी आणि मगच माणसाला हात लावावा, ही शिस्त त्यांनी सहकाऱ्यांच्या अंगी बाणवली.

त्यांची कल्पकता विलक्षण होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचे स्नायू कप्प्यातील रक्तावर थेट पोसले जातात, हे ध्यानी घेऊन त्यांनी रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयस्नायूत सूक्ष्म छिद्रे पाडण्याचा प्रयोग केला. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या विचाराचाच धागा पुढे इतरांनी लेसर किरणांच्या साहाय्याने चालवला. त्याच वर्षी त्यांच्या चमूने मूत्रपिंडरोपणही केले. रुग्ण फार दिवस जगला नाही, परंतु भारतात अवयवरोपणाची वाट त्या शस्त्रक्रियेने मोकळी झाली.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयरोपण केले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, सेन यांनी परळच्या रुग्णालयात ती शस्त्रक्रिया केली. माणसाचे हृदय माणसात बसविणारे ते जगातील चौथे शल्यविशारद ठरले. अपघातात दगावलेल्या एका तरुणीचे हृदय एका तरुण शेतकऱ्याला देण्यात आले. नवे हृदय धडधडू लागले, पण सुमारे तीन तासांनी ते थांबले. सप्टेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेतील रुग्ण सुमारे चौदा तास जगला.

या अपयशाचे माप कसे लावावे? हृदय चालू असतानाही मेंदू मृत झाला तर मनुष्य मृत मानावा काय, याचे उत्तर भारतीय कायद्यात तेव्हा नव्हते. परके अवयव नाकारणाऱ्या शरीराला आवरणारी प्रभावी औषधेही हाती नव्हती. अन्य देशांतही त्या काळातले बहुतेक रुग्ण अल्पजीवी ठरले आणि अनेक केंद्रांनी हे काम थांबविले. सेन यांनाही पुढे पाऊल टाकता आले नाही. भारतात मेंदूमृत्यूला मान्यता देणारा मानवी अवयवरोपण कायदा १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. मधली सव्वीस वर्षे ध्यानी घेतली, म्हणजे सेन काळाच्या किती पुढे होते, हे उमगते.

१९६९ साली त्यांना पद्मभूषण सन्मान मिळाला. उत्तरायुष्यात ते चित्रकलेत रमले. १९८२ साली त्यांचे निधन झाले. डॉ. जी. बी. परुळकर, डॉ. शरद पांडे यांच्यासारखे त्यांच्या हाताखाली तयार झालेले शल्यविशारद हेच त्यांचे खरे स्मारक होय. त्या दोन रुग्णांचे प्राण वाचले नाहीत. मात्र त्यांच्यासाठी घेतलेले कष्ट वाया गेले, असे म्हणता येणार नाही. विद्येचा वारसा शिष्यांच्या हातून पुढे जातो आणि गुरूच्या हयातीत न आलेले यश कधीतरी पुढच्या पिढीच्या पदरात पडते.